शिळा नाताळ

२६ डिसेंबरच्या दुपारी सव्वातीनला मी फ्रीज उघडला आणि उघडाच ठेवून उभा राहिलो. आत अर्धं लिंबू, विरजणाची वाटी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर, कुणाच्या तरी खोकल्याचं औषध आणि इडलीचं पीठ. थोड्या वेळानं फ्रीजच कंटाळला आणि टीं टीं करायला लागला. दार लावलं. मग पुन्हा उघडलं. हे आपण सगळेच करतो. मधल्या अर्ध्या मिनिटात आत काहीतरी उगवलं असेल अशी आशा असते.

उगवलं नव्हतं. यंदा नाताळचं जेवण आम्ही बाहेर जेवलो होतो.

ठरलं नोव्हेंबरातच. मुलीनं मोबाइलवरून टेबल धरूनसुद्धा टाकलं. घोडबंदर रोडवरचं एक बरंसं हॉटेल, 'ख्रिसमस बुफे', माणशी १,८९९ रुपये, वर टॅक्स, आणि दोन बैठका. आम्हाला पहिली मिळाली, साडेसात ते साडेनऊ. जेवणाला बैठक असते हे मला नवीन होतं. पंगत असते हे माहीत होतं. पंगतीतही आपलं संपायची वाट बघत मागे माणसं उभी राहायची, नाही असं नाही, पण ती ओळखीची असायची.

सकाळी उपासना झाली. दुपारी वरणभात, तोही अर्धपोटी, कारण रात्रीचे पैसे वसूल व्हायला हवेत. संध्याकाळी साडेसहाला निघालो आणि मेट्रोच्या खांबांखालून मुंगीच्या पावलानं सरकत सात चाळीसला पोचलो. म्हणजे बैठकीतली दहा मिनिटं रस्त्यानंच खाल्ली.

हॉटेलाच्या दारात कापसाचा बर्फ पसरला होता. ठाण्यात डिसेंबरात बर्फ पडायचाच तर कापसाचाच पडणार. वेटरांच्या डोक्यावर लाल टोप्या, टोप्यांखाली घाम. एकीकडे पास्त्याचा काउंटर, एकीकडे चाट, दाल मखनी, पनीर टिक्का, सुशी. आणि मधोमध, दिव्याखाली, टर्की. तिच्यापाशी एक माणूस सुरी घेऊन उभा. त्यानं आईच्या ताटलीत दोन चकत्या ठेवल्या आणि वर चमचाभर लाल सॉस घातला. आईनं चाखून बघितला.

"मुरांबा? मांसावर?"

टर्कीची पंचाईत अशी की छातीचं मांस आधी शिजतं आणि तंगडी मागून. तंगडीची वाट बघेपर्यंत छाती कोरडी ठाक. आपली कुकरच्या चार शिट्ट्यांची विद्या तिथे कामाला येत नाही. मी पहिला घास तोंडात घातला तेव्हा एक कॅरोल सुरू होतं. गिळला तेव्हा दुसरं अर्ध्यावर आलं होतं.

या पक्ष्याला आपलं म्हणायला कुणीच तयार नाही. मूळचा तो अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवून टाकला. तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात. आणि आपल्याला 'नाताळ' हा शब्द देऊन गेलेले पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. १६१२ साली गोव्याहून आणलेला असाच एक पक्षी जहांगीर बादशहाच्या दरबारी पोचला, तर बादशहानं उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. ही बादशाही रीत आता आमच्या टेबलावरही आली आहे. मुलीनं चारही बाजूंनी फोटो काढून होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मटण मात्र चांगलं होतं. आईनं दोनदा घेतलं आणि दुसऱ्यांदाचे दोन-तीन तुकडे उरले. मी सवयीनं वेटरला म्हणालो, "हे जरा बांधून द्या." त्यानं टोपी सावरली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बुफेचं पार्सल मिळणार नाही. मग त्यानं ती ताटली अदबीनं उचलली आणि पलीकडच्या टबात उपडी केली.

नियम बरोबर आहे. नसता तर आपण घरून डबे घेऊनच गेलो असतो. मी आपल्याला ओळखतो. पण त्या टबात तुकडे पडल्याचा आवाज मला दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीजसमोर पुन्हा ऐकू आला.

खरं सांगायचं तर लहानपणीचं २५ तारखेचं जेवण मला धड आठवतच नाही. आठवतं ते २६चं.

आम्ही तेव्हा ठाण्यातच, चरईत राहायचो. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, फ्रीज नाही. मूळचे नगरचे, त्यामुळे नाताळला काळ्या मसाल्याचं मटण, आधी वाटीतून आळणी पाणी, बाजरीची भाकरी, आणि गोडाला करंज्या नि डोनट. डोनट आजी नगरला मिशनच्या मडमेकडून शिकली होती. आमच्याकडे त्याला 'डोनेट' म्हणत, आणि ते चाळभर वाटले जात असल्यानं ते नाव मला बरीच वर्षं बरोबर वाटायचं. २४च्या रात्री बाबा आम्हाला तलावपाळीवरच्या सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चचा गोठा बघायला न्यायचे. ते चर्च कॅथलिकांचं, आम्ही त्यातले नव्हे, पण गोठ्याला कसला आलाय पंथ. २५ला उपासनेहून आल्यापासून माणसं यायची ती रात्रीपर्यंत. "सलाम, सलाम" करत आत यायची, बसायची, जेवायची, जायची. चार-चार पाळ्या व्हायच्या. मला कायम गुडघ्यावर ताटली मिळायची आणि नळी दुसऱ्याच्या ताटात जायची.

रात्री पातेल्याच्या तळाशी जे राहील ते आई पुन्हा खळखळून उकळायची. मुंग्या येऊ नयेत म्हणून ते पातेलं पाण्याच्या परातीत. मांजर येऊ नये म्हणून झाकणावर वरवंटा. मांजरापेक्षा मलाच त्या वरवंट्याची धास्ती जास्त होती. तो आवाज न करता उचलता येत नाही, मी करून बघितलं आहे.

रात्रभरात त्या पातेल्यात काय घडायचं कोण जाणे. सकाळी रस्सा दाट झालेला असायचा. तर्री वर येऊन थिजलेली. बटाटे असे मुरलेले की मटण कुठलं आणि बटाटा कुठला ते दातांनाच कळावं. कालची भाकरी कडक झालेली. ती परातीत कुस्करायची, वर उकळता रस्सा ओतायचा, कांदा बुक्कीनं फोडायचा. शाळेला सुट्टी. पाहुणे नाहीत. "सलाम" म्हणायला उठायचं नाही. अंगात कालचाच नवा शर्ट, पण काल त्यावर डाग पडला की पाठीत धपाटा होता, आज पडला तर पडला. आणि नळ्या! पाहुण्यांच्या ताटात न गेलेल्या, तळाशी दडून बसलेल्या दोन-तीन नळ्या. ताटलीवर आपटून आपटून त्यांतला गर काढायला अख्खी सकाळ मोकळी.

आमच्या शेजारी एक ईस्ट इंडियन मावशी राहायच्या. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, याच मातीतले, घरात मराठी बोलणारे. गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, हे साहेबाला समजावं म्हणून १८८७ साली, राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी हे नाव घेतलं, आणि तेव्हापासून जो तो त्यांना विचारतो, तुम्ही कलकत्त्याकडचे का? मावशींच्या घराला बाटली मसाल्याचा वास बारमाही असायचा. नाताळात त्यावर व्हिनेगरचा चढायचा. त्यांचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल २१-२२ तारखेलाच शिजून तयार. मग मडक्यात ठेवून रोज एकदा गरम करायचं आणि खायचं नाही. याला काय मनोनिग्रह लागत असेल! २५ला एक वाडगा आणि पिठाचे तळलेले, टम्म फुगलेले फुगे आमच्याकडे यायचे, सोबत बजावणी यायची की फुगे आज खा, वाडग्याला परवाशिवाय हात लावू नका.

आमच्या घरात डुक्कर शिजत नसे. खाल्लं जात नसे असं मी म्हटलेलं नाही. बाबा तो वाडगा घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि आई आत बसून आपल्याला काही दिसत नाही असं दाखवायची.

पलीकडच्या काकूंची शिळासप्तमी असायची, श्रावणात. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, गारच खायचं. मला वाटायचं, यांचाही २६ डिसेंबर असतो, फक्त पावसाळ्यात येतो. इंग्रजांचा तर अधिकृतच आहे. त्यांना २६ला सुट्टी असते, बॉक्सिंग डेची, आणि त्या दिवशी उरलेल्या टर्कीचं सँडविच, मग सूप, मग चक्क करी. टर्की भाजतात ती बहुधा या करीसाठीच. एरवी तिला दुसरं काही कारण मला काल दिसलं नाही.

शिळं म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि तेच लोक लोणचं मुरलंय का विचारतात. हॉटेलात सगळं मिळतं, पण उद्या मिळत नाही. जेवून उठलो, पैसे दिले, गाडीत बसलो, संपलं. सण म्हटला की तो दुसऱ्या दिवशी थोडा हाताला चिकटलेला हवा, बोटांना वास यायला हवा, डबा खरवडायला हवा...

हे सगळं मी फ्रीजपाशी उभा राहून मोठ्यानं बोलत होतो, हे बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा कळलं.

"जपानमधे लोक नाताळला केएफसीचं चिकन खातात," ती म्हणाली. "आधी नोंदवून ठेवतात, रांगा लावतात. १९७४पासून."

"त्यांचा सण नाही तो."

"अमेरिकेतले ज्यू त्या दिवशी चायनीज हॉटेलात जातात."

"त्यांचाही नाही."

"बरं. तुझा आहे ना? मग तू कर. जांभळी नाक्यावरून खोबरं आण, भाज, वाट. आणि किती करशील? चौघांचं केलंस तर चौघांत संपेल. उरायला हवं असेल तर वीस माणसांचं करावं लागतं. वीस माणसं आहेत आपल्याकडे?"

मी मनात मोजायला घेतली. नगरची मंडळी पुण्याला गेली, पुण्याची कॅनडाला. बाबा गेले. चरईतली चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, मावशी वसईला लेकाकडे गेल्या. "सलाम" आता फोनवर येतो, पुढे हात जोडलेलं चित्र. ओढूनताणून नऊपर्यंत पोचलो, त्यात सोसायटीचा वॉचमन धरला होता. मग मी विषय बदलला आणि साक्षीदार शोधायला आईच्या खोलीत गेलो.

आई पडली होती, पण जागी होती. ७८ वर्षांची आहे. दुपारी डोळे मिटून आमचं सगळं ऐकत असते.

"आई, चरईत आपण २६ला शिळं मटण खायचो, आठवतं?"

"आठवतं की. खायचात तुम्ही."

"तू नाही?"

"मला कुठलं. आदल्या दिवशी त्या वासानंच भूक मरायची. रात्री पातेलं उकळून ठेवलं की कपभर चहा घेऊन निजायची."

"अगं, पण २६ला?"

"२६ला भांडी."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती नळी, तो कांदा, तो शर्ट, सगळं मला लख्ख दिसत होतं. पण त्या चित्रात आई कुठे बसली आहे ते शोधायला लागलो तर सापडेना. गॅलरीच्या टोकाला, मोरीपाशी, राखेचे हात असलेली कुणीतरी पाठमोरी दिसत होती, इतकंच.

"कालचं आवडलं का मग?" मी विचारलं.

"टर्की वातड होती," आई म्हणाली. मग थोडा वेळ काही बोलली नाही. "पण मी बसून जेवले रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले होते. त्या टोपीवाल्या पोरानं पाणीसुद्धा हातात आणून दिलं." तिनं कूस बदलली. "पुढच्या वर्षी दुसरी बैठक मिळते का बघ. साडेसातला मला भूक नसते."

मी बाहेर आलो. इडलीचं पीठ काढलं आणि तवा ठेवला. पहिला उत्तप्पा चिकटला, तो मीच खाल्ला.