टांटोचा कोपरा परत आणताना

माझा टांटो घाटाचा चाकू परत हातात आला तेव्हा त्याचा कोपरा गेला होता.

धार लावायला दिला होता. कुणाकडे ते सांगत नाही. माणूस कष्टाळू आहे, आमच्या घरातल्या विळ्या-कात्र्या वर्षानुवर्षं त्यानेच लावून दिल्यात. पण हे पातं त्याने नेहमीच्या सुरीसारखं एमरीच्या चाकावर मुठीपासून टोकापर्यंत एका झोकात ओढलं. जिथे धार मोडते तिथे आता गुळगुळीत गोलाई होती, आणि टोकाजवळ मुगाच्या दाण्याएवढा निळा डाग.

कोपरा म्हणजे काय ते आधी सांगतो. साध्या चाकूची धार टोकाकडे जाताना पोट काढून वर वळते. टांटोला पोट नसतं. मुठीपासून धार सरळ येते, मग एकदम मोडते आणि दुसरी छोटी सरळ धार तिरकी टोकापर्यंत चढते. म्हणजे एका पात्यावर दोन धारा आणि त्यांच्या मध्ये एक कोपरा. नाव जपानी आहे, पण जपानमध्ये टांटो म्हणजे एक शाकूपेक्षा, साधारण 30.3 सेंटिमीटरपेक्षा, लहान पात्याचं शस्त्र. त्या जुन्या पात्यांना बहुतेक करून असा कोपरा नसतोच, त्यांची धार टोकाकडे हलकी वळत जाते. हा टोकदार मोडीचा घाट गाजवला तो 1980 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कोल्ड स्टील या कंपनीने, म्हणून त्याला अमेरिकन टांटो म्हणतात. माझा घडीचा चाकू याच घाटाचा, साडेतीन इंची पात्याचा. धाकट्या भावाने वाढदिवसाला दिलेला.

भोसरी एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी काम करतो. दिवसभर माल येतो आणि खोकी उघडावी लागतात. पट्ट्या, चिकटपट्टी, स्ट्रेच फिल्म, थर्माकोल. या कामात टांटोचा कोपरा काय करतो ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. चाकू जरा तिरका धरून आपल्याकडे ओढला की खोक्याला फक्त कोपरा टेकतो. टोक वर, हवेत राहतं. दोन-तीन मिलिमीटर खोल चीर पडते, चिकटपट्टी कापली जाते आणि आतल्या मालाला ओरखडासुद्धा येत नाही. साध्या चाकूचं टोक अशा वेळी आत घुसतं. रबरी सीलच्या खोक्यात ते एकदा घुसलं की अख्खी पिशवी बाद. समोरच्या छोट्या धारेने मी लेबलं आणि वाळलेला गोंद खरवडतो, पटाशीसारखा. हे सगळं त्या एका कोपऱ्यावर चालतं, आणि तोच गेला होता.

चाकू घेऊन पुण्यात कसबा पेठेत मामांकडे गेलो. मामांची 31 वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या विभागात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पातं डोळ्यांजवळ नेलं.

"पोलाद कुठलं रे?"

मी पात्यावरची बारीक अक्षरं दाखवली. डी-2.

"अरे, हे तर आपलं डायचं पोलाद! पंच, डाय, सगळं यातच केलं आम्ही."

"पण मामा, निळं पडलंय. पाणी उतरलं का, पोलाद मऊ पडलं का?"

"साधं कार्बन पोलाद असतं तर उतरलंच असतं. डी-2 दमाचं असतं. पण कडेला पातं पातळ, तिथे जास्त तापलं असणार. तेवढं घासून काढ, खालचं चांगलं निघेल. चाकावर मात्र नको. दगडावर, हाताने, पाणी घालून."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं राहिलं. कोपरा घासून कोपरा होत नाही, म्हणाले. दोन्ही सरळ धारा मागे सरकवायच्या. त्या जिथे भेटतील तिथे कोपरा आपोआप उभा राहतो.

बोहरी आळीतून 400 ग्रिटची डायमंड प्लेट आणि 1000 चा पाण्याचा दगड आणला (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). डी-2 मध्ये कार्बन साधारण दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे साधा दगड त्यावर नुसता घसरत राहतो. डायमंड प्लेट घेतली नसती तर आठवडे गेले असते.

पहिल्या संध्याकाळी दोन्ही धारांवर काळ्या मार्करने रंग दिला. घासल्यावर रंग कुठून जातो आणि कुठे राहतो ते बघत हात सुधारायचा. धारेचा कोन 20 अंश ठरवला. माझं पातं 25 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे लांब धारेसाठी पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर हवी. मामांनी सागाची एक पाचर तासून दिली होती, ती दगडावर ठेवून आधी हाताला कोन शिकवला. लांब धार सोपी गेली. सरळ धार आणि सपाट दगड, विळीच्या बाकदार पात्यापेक्षा किती तरी सोपं. फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चुकत होती. हात कोपऱ्याशी आला की सवयीने मनगट वर उचललं जायचं आणि कोपरा परत गोल. त्यावर उपाय म्हणून कोपऱ्याच्या अलीकडे पात्यावर मार्करची उभी रेघ मारली. रेघ दगडाच्या कडेशी आली की हात थांबवायचा आणि पातं सरळ वर उचलून घ्यायचं, वळवायचं नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

तिसऱ्या दिवशी छोटी धार घेतली, आणि खरं कसब तिथे लागलं. पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे पाठ किती मिलिमीटर वर धरायची हा हिशोब तिथे चालत नाही. टोकाशी तो शून्यावर येतो. कोन तेवढा मनगटात पकडून ठेवावा लागतो. त्यात टांटोचं पातं टोकापर्यंत जाड ठेवलेलं असतं, म्हणून त्याच 20 अंशांना इथे घासलेला पट्टा लांब धारेच्या दुपटीएवढा रुंद दिसतो. मी घाबरलो, काही चुकतंय असं वाटलं. फोन केला तर मामा म्हणाले, "जाड आहे ना, मग रुंदच दिसणार. घास निवांत." इंचभराचे छोटे फटके, दर दहा फटक्यांनी बाजू बदल. पलीकडे बर, म्हणजे घासताना धारेवर उठणारी धातूची बारीक कड, बोटाला लागायला लागली की त्या बाजूचं काम झालं.

चौथ्या संध्याकाळी निळा डाग कडेवरून गेला होता. 1000 च्या दगडावर दोन्ही धारा हलक्या हाताने फिरवल्या, मग जुन्या कातडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी वडी घासून त्यावर बर उतरवली. दिव्याखाली धरलं. दोन पट्टे दोन बाजूंनी येत होते आणि मधे एक बारीक, स्वच्छ रेघ, दगडी पायरीच्या काठासारखी. घरात पडलेल्या खोक्याच्या चिकटपट्टीवर कोपरा टेकवून ओढला. आवाजसुद्धा झाला नाही.

चार दिवस त्या पात्याशी घालवल्यावर त्याचे दोषही नीट कळले, तेही तेवढ्याच मनापासून सांगतो. टोक भक्कम असतं हे खरं, रंगाच्या डब्याचा पत्रा मी त्याने भोसकलाय आणि टोकाला काही झालेलं नाही. पण भक्कम म्हणजे सहज घुसणारं नव्हे. जाडीमुळे जोर जास्त लागतो, पातळ टोकाचा चाकू त्याच जागी हलकेच जातो. आणि भक्कम आहे म्हणून टोक पहारीसारखं वापरलं तर डी-2 चा तुकडा उडू शकतो. ते कठीण आहे, लवचीक नाही.

स्वयंपाकात तर त्याचा उपयोग फारच थोडा. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्कामाला होतो, पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला. पोट असलेली सुरी फळीवर डोलवत कांदा बारीक होतो. टांटो डोलतच नाही. एकतर सपाट आपटतो नाहीतर कोपऱ्यावर उभा राहतो, आणि खालचा पापुद्रा न कापता तसाच राहतो. चार कांद्यांना पाऊण तास गेला. काकडीच्या चकत्या झाल्या, पेरू कापला, भाकरीवर ठेचा मात्र नीट पसरला नाही. त्यानंतर ट्रेकच्या सॅकमध्ये मी साधी लाकडी मुठीची सुरी ठेवतो.

पावसाळ्यात डी-2 ला जपावं लागतं. त्यात क्रोमियम असलं तरी ते पूर्ण स्टेनलेस नाही. आषाढात दोन दिवस खिशात ओला राहिला आणि पात्यावर तांबूस ठिपके आले. आता शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन पुसतो.

आणि तो दिसतो शस्त्रासारखा. शस्त्र परवान्याचा नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना लागतो, त्यातही घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाची अवजारं वगळलेली आहेत. माझं पातं त्यात बसत नाही. तरी सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलिसांचा शस्त्रबंदीचा हुकूम निघतो, तेव्हा हा आकार खिशात असणं मला पटत नाही. चाकू कंपनीच्या कपाटात राहतो.

परवा भावाने विचारलं, तोही एक घेऊ का म्हणून. त्याचं कुरिअरचं काम आहे. मी म्हटलं, घे, पण दगड आधी घे. रविवारी तो मामांनी केलेली पाचर मागायला येणार आहे.