सुपरकारची बाजारातली किंमत आणि पॉलिसीवरची किंमत

मी नागपुरात मोटर विम्याची सर्व्हेयर आहे. वाडीचे ट्रक, हिंगणा रोडवर ठोकलेल्या छोट्या गाड्या, हे रोजचं काम. पण समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्धा रोडला जमिनीलगतच्या, दोन सीटच्या गाड्याही दिसू लागल्यात आणि हौशी मंडळी विचारू लागलीत, "ताई, पंधरा वर्षांची गॅलार्डो मिळून राहिली, घेऊन ठेवू का? भाव तर वाढतच जाईल ना?"

वाढेलही. लॅम्बोर्गिनीने गॅलार्डो २०१३ मध्ये बंद केली, त्यामुळे आहेत त्याच गाड्या उरणार. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अशा गाडीचा बाजारभाव चढत असतो तेव्हा पॉलिसीवरचा तिचा आकडा उतरत असतो.

आपल्याकडे आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत, ठरते ती नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा करून. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग दरवर्षी दहा-दहा वाढत पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. ही संमती बहुतेक वेळा एजंटच्या एका फोनवर उरकते, आणि हप्ता कमी बसावा म्हणून मालकच आकडा खाली आणायला सांगतो. मारुतीच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही.

सुपरकारच्या बाबतीत बिघडतं, कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे कंपनी दुरुस्ती न करता आयडीव्हीएवढे पैसे देऊन मोकळी होते. समजा बाजारात दीड कोटीची गाडी आहे आणि पॉलिसीवर ५० लाख. म्हणजे साडेसदतीस लाखांच्या वर एस्टिमेट गेलं की विषय संपला. पुढचा बंपर, एक हेडलाइट, रेडिएटर, सस्पेन्शन, त्यावर आयात शुल्क आणि मुंबईच्या वर्कशॉपची मजुरी धरली तर तिथपर्यंत पोहोचायला फार मोठी धडक लागत नाही. मालकाच्या हाती ५० लाख येतात आणि नीट उभी राहू शकली असती अशी गाडी सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगाराच्या भावात, जाते. मला याचं खरोखर वाईट वाटतं. अशी गाडी पुन्हा बनणार नसते.

इंग्लंडमधलं उदाहरण बघा. अभिनेता रोवन अ‍ॅटकिन्सन यांची मॅक्लारेन एफ-१ २०११ मध्ये रस्ता सोडून झाडावर आदळली. दुरुस्तीचं बिल ९ लाख पौंडांच्या वर गेलं. विमा कंपनीने ते भरलं, कारण गाडी त्याहून कितीतरी मोलाची होती. २०१५ मध्ये तीच गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. पॉलिसीवर तिची किंमत आपल्या पद्धतीने घसरत आलेली असती, तर ती तेव्हाच मोडीत निघाली असती.

दुसरी भीती पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी चिखलाने भरलेल्या गाड्याच बघत होते. पुरात गाडी बुडाली तर साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी भरपाई देते. पण पाणी ओसरल्यावर कोणी घाईने सेल मारला आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर ते परिणामी नुकसान, म्हणजे पुराने थेट न झालेलं, ठरतं आणि क्लेम नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा हप्त्याचं पूरक संरक्षण, वेगळं घ्यावं लागतं, आणि बऱ्याच कंपन्या ते जुन्या गाडीला देतच नाहीत. झीरो डेपचंही, म्हणजे क्लेममध्ये भागांचा घसारा न कापणाऱ्या अ‍ॅड-ऑनचंही, तेच. ते नसेल तर बदललेल्या रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे मालकाच्याच खिशातून जातात. तेव्हा गाडी बेसमेंटमध्ये ठेवू नका, आमच्या सिमेंट रोडच्या शहरात तर नाहीच. रस्ते उंच झाले, पाणी उताराने आवारात येतं.

आणि टायर. कमी चाललेली गाडी बघून लोक हरखतात, नक्षी शाबूत म्हणून टायर नवे समजतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१७ म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. उभ्या गाडीचंही रबर कडक होतंच, मग विदर्भातला मे महिना तर बोलायलाच नको. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॉलिवूड अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीत गेला, तिचा वेग अफाट होता, पण तिचे टायरही नऊ वर्षांचे होते.

बाकीचे खर्च मोजता येतात. पंधरा ते वीस वर्षांच्या आयात कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे. ई-गिअरचा, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गिअरबॉक्सचा, क्लच शहरातल्या ट्रॅफिकमध्ये लवकर झिजतो. किती उरलाय ते स्कॅनरवर दिसतं, तो रिपोर्ट मागा. पॉवर स्टीअरिंगचे पाइप तपासा. तेल गळून आग लागण्याच्या धोक्यामुळे २०१२ मध्ये अमेरिकेत २००४ ते २००६ च्या गॅलार्डो परत बोलावल्या होत्या.

हे सगळं करण्याआधी मात्र चॅसिस नंबर आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट जोडून विमा कंपनीला मेल टाका. किती आयडीव्ही देणार आणि कोणती अ‍ॅड-ऑन देणार, एवढंच विचारा. लेखी आकडा आला नाही, तर टोकन देऊ नका.