तुम्ही विचारलंत म्हणून: मोर्चानंतर मुलं जातात कुठे?

"हवामानाच्या मोर्चाला शेकडो मुलं येतात, पुढच्या बैठकीला मात्र बोटांवर मोजण्याइतकी. असं का?" युवा संघटना चालवणारे शिक्षक मला हे हमखास विचारतात. त्यांना शंका मुलांच्या चिकाटीची असते. मला कामाचीच येते. घोषवाक्य स्पर्धा, रोपासोबत फोटो, प्लास्टिक न वापरण्याची शपथ. यात ठरवायचं काही नसतं आणि समोर नकार देणारंही कोणी नसतं. दुपारभरात उरकतं. मग पुन्हा कशाला यायचं?

२०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एकच मागणी धरली: हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. त्यांनी संघटना काढली, पॅसिफिक बेटांवरच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारने विषय उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तसा ठराव मतदानाशिवाय संमत झाला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर बांधिलकी आहे. मधल्या वर्षांत विद्यार्थी पदवीधर झाले, पदाधिकारी बदलले; मागणी तीच राहिली.

प्रत्येक संघटनेने न्यायालय गाठावं असं नाही. वसतिगृहाची वर्षभराची वीजबिलं मागा. (मागितल्याबरोबर ती मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.) प्रशासन टाळाटाळ करतं, आणि तिथेच मुलं पेटतात. मग पंप, गीझर, रात्रभर जळणारे दिवे यांचे युनिट मोजले जातात आणि निवेदनात मोघम 'पर्यावरण वाचवा' न येता 'अमुक पंप बदला, अमुक तारखेपर्यंत' असं येतं. त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तरी पुढच्या बैठकीला विषय मिळतो.

दुसरी गळती शेवटच्या वर्षाची. सगळी सूत्रं त्यांच्याकडे असतात. ते गेले की पासवर्ड, हिशेब, कोणत्या साहेबांना कधी भेटायचं ही माहिती, सगळंच जातं. म्हणून अध्यक्षपद दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींकडे द्या. शेवटच्या वर्षाने फक्त शेजारी बसावं. शिक्षकांनीही बैठकीत सगळ्यांत शेवटी बोलावं, जमल्यास बोलूच नये.

आणि परीक्षेच्या महिन्यात बैठका ठेवू नका. मात्र सुट्टी जाहीर करतानाच पुढच्या बैठकीची तारीख आणि ती कोण बोलावणार त्याचं नाव लिहून टाका.