रद्द फिल्मची वही

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करते, तिथे गेल्या काही वर्षांपासून विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी येतात आणि प्रत्येकाच्या हातात महाविद्यालयाने दिलेले लॉगबुक असते. छातीचे किती, मनगटाचे किती, कमरेच्या मणक्यांचे किती एक्स-रे काढले, ती संख्या त्यात भरायची आणि शेवटी माझी सही घ्यायची. सही करताना मला दर वेळी एकच गोष्ट खटकते. जे एक्स-रे चुकले आणि पुन्हा काढावे लागले, ते लिहायला त्या लॉगबुकात एकही रकाना नाही.

मी शिकत होते तेव्हा चूक लपवता येत नसे, कारण ती फिल्मच्या रूपाने हातात येई. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली हँगरला लावलेली फिल्म डेव्हलपरमधून आणि मग फिक्सरमधून काढायची, धुवायची, वाळवायची, आणि एवढे करून ती काळीठिक्कर निघाली तर कोपऱ्यातल्या पेटीत टाकायची. आमचे सर शनिवारी ती पेटी उघडत आणि एकेक फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावून ज्याची त्याला उभे करत. माझी पहिली रद्द फिल्म एका तरुण मुलीच्या छातीची होती. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पांढुरकी सावली होती. "सांग, काय दिसते?" असे सरांनी विचारल्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने क्षयरोग म्हटले. ती सावली त्या मुलीच्या तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीची होती. एक्स-रे काढताना वेणी वर बांधायला सांगण्याचे मी विसरले होते, आणि क्षयरोग सर्वांत आधी जिथे शोधतात नेमकी तीच जागा वेणीने झाकली होती.

आता आमच्याकडे सीआर, म्हणजे फिल्मऐवजी संगणकावर प्रतिमा देणारी यंत्रणा आहे. पडद्यावर प्रतिमा उमटते, वाईट वाटली तर विद्यार्थी एक बटण दाबून ती काढून टाकतो आणि दुसरी घेतो. या यंत्रणेची आणखी एक खोड आहे. किरणांची मात्रा कमी पडली तर प्रतिमा दाणेदार दिसते आणि डॉक्टर तक्रार करतात. मात्रा जास्त झाली तर संगणक प्रतिमा सावरून घेतो, ती उलट अधिक स्वच्छ दिसते आणि कोणीच काही बोलत नाही. त्यामुळे नवशिक्या मुलांचा एमएएस, म्हणजे किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा, हळूहळू वरच सरकत जातो. पडद्याच्या कडेला किरण किती पडले ते सांगणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा येतो, पण तो वाचण्याची सवय लावावी लागते.

एखादा एक्स-रे जास्तीचा काढला तर काय बिघडते, असे मुले विचारतात आणि छातीच्या बाबतीत त्यांचे अगदीच चुकते असे नाही, कारण छातीच्या एका एक्स-रेमधून सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढीच मात्रा मिळते. कमरेच्या मणक्यांच्या तपासणीत मात्र ती सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे छातीच्या पंचाहत्तर एक्स-रेंइतकी असते. गंमत अशी की स्वतःच्या मात्रेबद्दल हीच मुले फार जागरूक असतात. विद्यार्थ्यांसाठी परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला ६ मिलिसिव्हर्टची आहे, अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज छातीशी, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा असतो आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. टेबलावर झोपलेल्या बाईला मात्र कोणी बॅज लावत नाही.

आमच्या भागात एक्स-रे रद्द होण्याची कारणे बहुधा पुस्तकात सापडत नाहीत. छातीचा पीए, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे जाणारा, एक्स-रे १८० सेंटिमीटरवरून घ्यावा म्हणजे हृदय मोठे दिसत नाही, खांदे पुढे झुकवावेत म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात, एवढे प्रत्येकाला येते. पण "दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा" असे कोणी म्हटले की समोरची आजी आदराने "हो जी" म्हणते, आणि त्या 'हो'बरोबर घेतलेला श्वास निघून जातो. मग फुप्फुसांचे तळ धुरकट आणि हृदय रुंद दिसते. "आजी, दम भरा अन् धरून ठेवा, बोलू नका" असे म्हटले की काम होते. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेही पुरत नाही. तिथे आपण स्वतः समोर उभे राहून छाती भरून दाखवावी लागते. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा ते वर घेऊन अंबाड्यात खोवायला सांगावे, असे मी शिकवते.

सर्वांत अवघड प्रश्न कापूस वेचणीच्या दिवसांत येतो, कारण तेव्हा कंबर धरून आलेल्या बायकांची रांग असते. ओटीपोटावर किरण पडणार असतील तर मासिक पाळीची तारीख आधी विचारायची, हा नियम परीक्षेत सगळे लिहितात. प्रत्यक्षात वीस वर्षांचा मुलगा सासूच्या देखत सुनेला हे विचारू शकत नाही, आणि विचारलेच तर खरे उत्तर मिळत नाही. सासूला बाहेरच्या बाकावर बसवून, दार लोटून, "ताई, पाळी किती तारखेले आली होती?" एवढेच साधेपणाने विचारावे लागते. मुले हे माझ्यासमोर दहा वेळा म्हणून पाहतात, हसतात, मग एकदा नीट म्हणतात. या सरावासाठी लॉगबुकात जागा असती तर मी तीन सह्या दिल्या असत्या.

संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यातून पुढे अभ्यासक्रम बदलतील तेव्हा बदलतील, पण मी यंदा दोनशे पानी वही आणून तिच्यावर 'रद्द' एवढेच लिहिले. तारीख, विद्यार्थ्याचे नाव, शरीराचा भाग, केव्हीपी (किरणांची भेदकता ठरवणारा आकडा), एमएएस, रद्द होण्याचे कारण आणि दुसऱ्या वेळी काय बदलले, असे रकाने आखले. पहिला महिनाभर वही जवळजवळ कोरी राहिली, कारण चुका गुणपत्रिकेत जातील अशी मुलांना धास्ती होती. मग मी विद्यार्थ्याच्या नावाचा रकाना खोडून टाकला आणि पहिल्या पानावर स्वतःच्या चार नोंदी केल्या. त्यानंतर पाने भरू लागली. आता शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाला की आम्ही त्या आठवड्यातल्या नोंदी मोठ्याने वाचतो. महाविद्यालयाच्या समन्वयकांना मी वहीचा नमुना पाठवला आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न या नोंदींना गुण किती द्यायचे, हा आहे.