चहाची वही, नोंद ५: ७४ अंशांचं पाणी, फाटलेलं दूध आणि गूळ

मागच्या नोंदीत ग्रीन टी कडवट का होतो हा प्रश्न लोंबकळत राहिला होता. तो आता सुटला. दोष पत्तीचा नव्हता, पाण्याचा होता.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथं पाणी साधारण ९८ अंशांलाच उकळतं. काळ्या चहाला ते चालतं, पण ग्रीन टीला तेवढंही फार होतं. व्हाइट, ग्रीन, ऊलाँग (ग्रीन आणि ब्लॅक यांच्या मधला), ब्लॅक हे सगळे एकाच झाडाचे; फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय केलं यानं. ग्रीन टीचं पान लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात, त्यामुळे त्यातले कॅटेचिन नावाचे घटक बरेचसे तसेच राहतात. तेच कडू-तुरट असतात. पाणी जितकं गरम, तितके ते भराभर उतरतात. गोडसर चव देणारं थिॲनिन मात्र कमी तापमानालाही सुटतं.

ठरलेलं माप: पत्ती २ ग्रॅम, पाणी १५० मिली, वेळ २ मिनिटं. थर्मामीटर नसला तर दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी एकत्र करा. साधं पाणी २६ अंशांचं धरलं तर मिश्रण ७४ च्या जवळ येतं. माठातलं पाणी घेतलंत तर दोन-एक अंश आणखी खाली, तेही चालतं. ऊलाँगला सहा भाग उकळतं आणि एक भाग साधं, म्हणजे ८८ च्या आसपास. कप आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, नाहीतर जाड कपच चार-पाच अंश खाऊन टाकतो. पत्ती चमच्यानं मोजू नका. मोठ्या पानाच्या ऑर्थोडॉक्स चहाचा आणि सीटीसीचा (रोजच्या दाणेदार पत्तीचा) चमचा वजनाला सारखा भरत नाही. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या.

पाण्याबद्दल आणखी एक. बोअरच्या जड पाण्यात काळ्या चहावर जो चकचकीत तवंग येतो, ती धूळ नाही आणि भेसळही नाही. पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातले पॉलिफिनॉल (कॅटेचिन त्यातलेच) हवेशी मिळून तो थर धरतात. लिंबाचे चार थेंब पिळले की जातो. नळाच्या पाण्यात तो कमी दिसतो.

आता आपल्याकडचा खरा घोळ: आलं, गूळ आणि दूध. दूध फाटलं की सगळे गुळाला शिव्या घालतात. निम्म्या वेळा गुन्हेगार आलं असतं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. आलं किसून थेट कोमट दुधात टाकलं की दूध गोठतं. तेच पाण्यात तीन मिनिटं खळखळ उकळलं की एन्झाइम निकामी होतं.

दोन कपांसाठी पाणी २०० मिली, किसलेलं आलं ५ ग्रॅम, गवती चहाची दोन पानं. तीन मिनिटं उकळा. मग सीटीसी ५ ग्रॅम टाकून दोन मिनिटं. गूळ १५ ग्रॅम याच पाण्यात विरघळवा. १०० मिली दूध दुसऱ्या पातेल्यात तापवा. गॅस बंद, मिनिटभर थांबा, गाळा, मग दूध ओता. परत उकळी नको. गुळात थोडी आंबटी असते, जुन्या आणि पाझरलेल्या गुळात जास्तच, आणि उकळत्या दुधाला तेवढी पुरते. शंका असेल तर गुळाचा खडा दोन चमचे कढत दुधात टाकून पाहा. फाटलं तर तो गूळ पोळीला ठेवा. म्हशीच्या घट्ट दुधानं चहा जड होतो, १०० ऐवजी ८० मिली बास.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान रास्तच. पण गुळाचा चहा मधुमेहाला चालतो हे सोडून द्या. १० ग्रॅम गूळ आणि १० ग्रॅम साखर यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. शिवाय गुळातलं थोडंफार लोह चहातलेच पॉलिफिनॉल अडवतात. तेच जेवणातल्या डाळी-भाज्यांच्या लोहाचं. म्हणून जेवणानंतर चहा तासाभरानं. रक्त कमी असेल तर हे पाळाच.

कॅफीन एका कपाला साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम धरा. निरोगी माणसाला दिवसाला ४००, गरोदरपणी २०० ही मर्यादा. पहिलं पाणी ३० सेकंदांत फेकलं की कॅफीन जातं असं सांगतात. जातं ते थोडंसंच, सोबत चवही जाते. गवती चहा वेगळं गवतच, त्यात कॅफीन नाही, रात्रीला उत्तम. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मात्र टाळा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) अशा डोसला यकृतावर ताण दिसला आहे. कपातल्या चहाची ती गोष्ट नाही. आणि ६५ अंशांवरचं कुठलंही पेय घशाला वाईट, दूध घाला किंवा नका घालू. फुंकर मारायला लाज नको.

पुढच्या खेपेला: गवती चहाची पानं उन्हात आणि सावलीत वाळवून वासाची तुलना, दोन्हींचं वजन सारखं ठेवून.