तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावरचे पक्षी वाचवणारी संस्था नेमकं चालवतं कोण?

मॉरिशस फिरून आलेली मंडळी हटकून विचारतात, "डोडोच्या त्या बेटावर पक्षी वाचवणारी संस्था आहे ना, ती चालवतं कोण? शास्त्रज्ञ, सरकार, की परदेशी देणगीदार?" प्रश्न असतो मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनबद्दल. संस्था 1984 सालची, बिनसरकारी. तिघांचाही हात तिला लागतो, पण ती टिकते ती तेच ते काम वर्षानुवर्षं रेटणाऱ्या माणसांवर.

कागदावर सगळं आपल्याकडच्या ट्रस्टसारखंच. वर मानद मंडळ, खाली पगारी संचालक, त्यांच्याखाली जंगलात आणि बेटांवर राहणारे कर्मचारी. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी सरकारची, त्यामुळे नॅशनल पार्क्स अँड कॉन्झर्वेशन सर्व्हिस या सरकारी खात्याला बरोबर घेतल्याशिवाय पान हलत नाही. प्रजननाचं तंत्र आणि परदेशातला आधार बराचसा इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या ड्युरेल या वन्यजीव ट्रस्टचा. म्हणजे प्रमुखाचा निम्मा दिवस परवानग्या आणि अहवालांत जातो. पक्षी बघायला मिळतात ते इतरांना.

सर्वांत जास्त नाव घेतलं जातं कार्ल जोन्स यांचं. वेल्सचा हा विशीतला तरुण 1979 साली आला तो खरं तर केस्ट्रेलचा प्रकल्प आवरता घ्यायला. केस्ट्रेल म्हणजे आपल्या खरुचीच्या गोतातला छोटा शिकारी पक्षी. 1974 साली रानात माहीत असलेले मॉरिशस केस्ट्रेल होते चार. उसासाठी जंगल गेलेलं, मलेरियासाठी डीडीटी फवारलेलं, उरलंसुरलं माकडं, मांजरं आणि मुंगुसांच्या तावडीत. जोन्स यांनी प्रकल्प बंद केला नाही. जोडीनं घातलेली पहिली अंडी कड्यावरच्या कपारीतून उचलायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. उचललेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं हातानं वाढवायची आणि उडायच्या बेतात आली की रानातल्या पेटीतून सोडायची.

वाचायला सोपं वाटतं. यंत्रातल्या अंड्याचं वजन पिल्लू फुटेपर्यंत साधारण 15 टक्क्यांनी घटावं लागतं, कारण कवचाच्या छिद्रांतून पाणी उडून आत हवेची जागा तयार व्हायला हवी. दमटपणा जास्त झाला तर ती जागा लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. कमी झाला तर पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. म्हणून रोज वजन, रोज आलेखावर ठिपका, आणि रेषा भरकटली की आर्द्रतेत फेरफार. त्यात विणीचा हंगाम वर्षअखेरीचा, वादळांचा मोसमही तेव्हाच सुरू होतो, म्हणजे वीज जाणार हे गृहीत धरून जनरेटर तयार ठेवायचा. डिझेलला पैसे मंजूर करणारा खजिनदार आमच्या मते त्या पिल्लाचा निम्मा बाप असतो.

पुढचा भाग सांगायला फारसं कोणी उत्सुक नसतं. 1994 पर्यंत केस्ट्रेल सावरले, धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आले आणि सखोल काम थांबलं. काही वर्षांत संख्या पुन्हा घसरली, मोका डोंगररांगेत सोडलेले पक्षी तर नाहीसेच झाले, आणि 2014 मध्ये ही जात परत 'संकटग्रस्त' गटात गेली. यश जाहीर झालं की देणगीदार उठून जातात, पण मांजरं आणि मुंगसं कुठेच जात नाहीत.

गुलाबी कबुतरांच्या बाबतीत हे काम थांबलेलं नाही. 1990 च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती, आता चारशेच्या वर आहेत. मूळ झाडांची फळं-फुलं पुरत नाहीत, म्हणून त्यांना मका-गहू घालावा लागतो, तोही असा की इतर पारवे-होले कमीत कमी फिरकतील. कारण ट्रायकोमोनास नावाचा परजीवी एकाच पाण्या-दाण्यावर जमणाऱ्या पक्ष्यांत पसरतो, आणि पिल्लाला तर आईबापांनी गळ्यातल्या अन्नपिशवीतून भरवलेल्या 'दुधा'तूनच मिळतो. घशात पिवळट गाठी धरतात, पिल्लू उपाशी मरतं. खाद्य बंद करावं तर मोठे पक्षी अडचणीत, चालू ठेवावं तर पिल्लं. मार्ग एकच, भांडी घासत राहायची. शिवाय इतक्या थोड्या पूर्वजांची प्रजा म्हणजे घरातल्या घरात सोयरीक, म्हणून युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत टिकलेल्या वेगळ्या वंशाचे पक्षी आणून मिसळावे लागतात.

थांबायचं कधी हे कळणं हेही नेतृत्वाचंच काम. इको पॅराकीट हा तिथला मूळ पोपट. त्याच्या घरट्यातली जास्तीची पिल्लं उचलून दुसऱ्या घरट्यात ठेवणं, हातानं वाढवणं हे वर्षानुवर्षं चाललं होतं. 2005 च्या आसपास चोच-पिसांचा विषाणूजन्य रोग पसरला. पिल्लं इकडून तिकडे नेणारे हातच रोग नेऊ शकतात हे ओळखून ती पद्धत सोडली, घरट्याच्या पेट्या आणि खाद्य एवढंच ठेवलं. पोपट तरले, 2019 मध्ये धोक्याची पायरीही उतरले. एवढ्या मेहनतीनं बसवलेली पद्धत स्वतःच्या हातानं मोडायला वेगळंच धाडस लागतं. जाता जाता: ढोल्यांसाठी त्यांच्याशी भांडणारा उपरा पोपट म्हणजे आपल्या आंब्यावरचा राघू, आणि दुसरी उपरी आपली साळुंकी.

ईशान्येच्या राउंड आयलंडची गोष्ट जरा निराळी. 219 हेक्टरच्या या खडकावर उंदीर कधी पोचलाच नाही, म्हणून इतरत्र संपलेला बोआ साप आणि मोठी सापसुरळी तिथे टिकली. नुकसान केलं बकऱ्यांनी आणि सशांनी. बकऱ्या 1979 पर्यंत हटवल्या, ससे 1986 मध्ये न्यूझीलंडच्या तज्ज्ञांच्या मदतीनं. आता धोका सामानाचा. तांदळाच्या पिशवीत एक गाभण उंदरीण, बुटाच्या शिवणीत एक बी, एवढं पुरतं. म्हणून सगळं सामान झाकणबंद डब्यांत, बूट-मोजे-वेल्क्रो ब्रशनं साफ, आणि उतरल्यावर बंद खोलीतच डबे उघडायचे. हा नियम मंत्र्यांना आणि टीव्हीवाल्यांनाही लागू करणारा माणूस संस्थेला हवा. तो सहसा लोकप्रिय नसतो.

सरकारशी नातं हा सगळ्यांत अवघड विषय. 2015 मध्ये लिची-आंबे खातात म्हणून सरकारनं तिथल्या वटवाघळांना मारायची मोहीम काढली, 30 हजारांहून अधिक मारली गेली. ही जात जगात फक्त त्या बेटांवरची. संस्थेनं उघड विरोध केला, झाडांवर जाळी घालायचा पर्याय मांडत राहिली, आणि त्याच सरकारबरोबर कबुतरांचं कामही चालू ठेवलं. एका हातानं पत्रक, दुसऱ्या हातानं परवानगीचा अर्ज. 2018 मध्ये वटवाघूळही 'संकटग्रस्त' ठरलं.

पैशाचं म्हणाल तर तिथेही आपल्यासारखाच सीएसआरचा कायदा आहे, 2009 पासून कंपन्यांनी समाजकार्यासाठी नफ्याचे 2 टक्के द्यायचे. 2017 पासून त्यातला मोठा वाटा सरकारी प्रतिष्ठानाकडे वळवावा लागतो, म्हणजे संस्थांच्या हाती कमी. म्हणून इल ओ एग्रेत या 26 हेक्टरच्या बेटावर पर्यटकांना मार्गदर्शकाबरोबर फिरवून संस्था उत्पन्न मिळवते. 2020 च्या जुलैत वाकाशिओ जहाज जवळच्या प्रवाळावर अडकलं, ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल सांडलं आणि तवंग त्या बेटापर्यंत आला. पर्यटन तर कोविडमुळे आधीच बंद. रोपवाटिकेतली रोपं, पक्षी, सरडे-पाली होड्यांनी हलवल्या. कोणती जोडी कुठल्या घरट्यात, कोणतं रोप कुठल्या वाफ्यात, याच्या नोंदी आधीपासून ठेवलेल्या असतात तेव्हाच हे जमतं.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न, "आपल्याकडे असं का नाही?" थोडंफार आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांची घरटी चोरीला जात होती, तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वनखात्याला बरोबर घेऊन काम केलं. नवी संस्था काढणारे आमच्याकडे घटना आणि नियमावली मागतात. ती कुठलाही सीए देईल. आधी तीन गोष्टी लिहून काढा: होडी कुणाची आणि पावसाळ्यात समुद्र बंद असताना बेटाकडे लक्ष कोण ठेवणार, परवानगीचं पत्र कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि मुख्य माणूस उद्या सोडून गेला तर नोंदवह्या कुणाच्या कपाटात आहेत.