खोलीतून ढाळजेत

"सर, तो खोलीतून ढाळजेत आला, पण वाड्याबाहेर गेलाच नाही," असे आज लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी आपल्या सी भाषेतील प्रोग्रामविषयी म्हणाली.

व्हाइल लूपच्या (अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा करणाऱ्या रचनेच्या) आत स्विच (दिलेल्या किमतीनुसार केस, म्हणजे पर्याय, निवडणारी रचना) होता आणि शून्याच्या केसमध्ये ब्रेक, म्हणजे बाहेर पडण्याची आज्ञा. शून्य दाबल्यावर प्रोग्राम संपायला हवा होता; पण तो स्विचच्या खोलीतून फक्त लूपच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या ओसरीत, येई आणि मेनू पुन्हा हजर होत असे.

ब्रेक केवळ सर्वांत आतल्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर काढतो, हे मी शिकवले होते खरे, परंतु फळ्यावरचे उदाहरण एकाच लूपचे होते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टीचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले, त्यामागेही प्रोग्राममधल्या स्विच रचनेतला एक चुकीचा ब्रेकच होता.

तिने शेवटी फ्लॅग (लूप थांबवायचा की नाही याची खूण ठेवणारा चल) वापरला. मी गोटू (थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारणारी, सहसा टाळली जाणारी आज्ञा) सुचवणार होतो, पण धीर झाला नाही. तुम्ही सुचवला असता का?